चार वर्षांखालच्या मुलाला दुसऱ्याचं मन कळतच नाही?

‘लहान मूल आपल्यापुरतंच पाहतं, चार वर्षांचं होईपर्यंत त्याला दुसऱ्याचं मन कळत नाही,’ हे वाक्य पालकांना वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. ते अर्धवट आहे, आणि त्यापायी मुलांवर अन्याय होतो.

या समजुतीला बळ मिळालं ते विमर आणि पर्नर या मानसशास्त्रज्ञांच्या 1983 च्या प्रयोगातून. मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून जातो, मागे आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर मॅक्सी कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं बहुधा चॉकलेट खरोखर आहे ती जागा दाखवतात. चार-पाच वर्षांची बरीच मुलं बरोबर सांगतात.

पण इथे तपासलं जातं ते एवढंच: दुसऱ्याच्या मनात चुकीची माहिती असू शकते, हे मुलाला कळतं का. दुसऱ्याची इच्छा कळणं ही वेगळी गोष्ट, आणि ती खूप आधी येते. रेपाचोली आणि गॉपनिक यांच्या 1997 च्या प्रयोगात एका बाईंनी मुलांसमोर बिस्किटं चाखून तोंड वाकडं केलं, ब्रोकोली मात्र आवडीने खाल्ली. मग हात पुढे करून खाऊ मागितला. 14 महिन्यांच्या मुलांनी स्वतःला आवडणारी बिस्किटंच दिली. 18 महिन्यांच्या मुलांनी ब्रोकोली दिली, तीही स्वतःला न आवडणारी! केवढी मोठी झेप ही, अवघ्या चार महिन्यांच्या अंतराने.

बोलण्यातही हाच क्रम दिसतो: ‘हवं’ आधी, ‘मला वाटतं’ नंतर. म्हणून अडीच वर्षांचं मूल खेळणं देत नसेल, तर समोरच्यालाही ते हवंय हे त्याला बहुधा कळतं. स्वतःची ओढ आवरणं त्याला अजून जड जातं.