पाणी किती खारट आणि मीठ किती टन: नदीच्या क्षारांची दोन मापे

पुण्यातल्या सोसायट्यांत टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर आता घरोघरी ओळखीचा झाला आहे. आरओवाला येतो, पेनाएवढे यंत्र ग्लासात बुडवतो आणि आकडा दाखवतो. खडकवासल्याचे पाणी असेल तर आकडा लहान, बोअरचे किंवा टँकरचे असेल तर कितीतरी मोठा. पिण्याच्या पाण्यासाठीचे भारतीय मानक लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत पाणी चांगले मानते आणि दुसरा पर्यायच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेते. हे झाले क्षारांचे प्रमाण: लिटरभर पाण्यात किती विरघळले आहे ते.

नदीची गोष्ट निघाली की आणखी एक माप लागते. वर्षभरात नदीने एकूण किती टन क्षार वाहून नेले, म्हणजे क्षारांचा भार. ग्लासातला मीटर हा भार कधीच सांगू शकत नाही, कारण त्यासाठी त्या ठिकाणाहून किती पाणी गेले हेही मोजावे लागते. आणि नदी एकापेक्षा जास्त राज्यांतून वाहत असेल, तर या दोन मापांची गल्लत भांडणाचे मूळ ठरते.

आपल्या ओळखीच्या टीएमसीत हिशेब करू. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,832 कोटी लिटर. लिटरमागे 500 मिलिग्रॅम, म्हणजे पिण्याला अगदी चालेल असे पाणी घेतले, तरी एका टीएमसीतून 14 हजार टनांहून जास्त क्षार पुढे जातात. पाणी चवीला गोड, आणि तरी दहा टनी ट्रक लावले तर चौदाशे ट्रक भरतील एवढा माल.

दोन्ही मापे एकाच दिशेने हलतात असेही नाही. जुलैत नदी दुथडी भरून वाहते तेव्हा प्रमाण उतरते आणि भार चढतो. मे महिन्यात पात्रात जेमतेम धार उरते तेव्हा प्रमाण चढते आणि भार नगण्य असतो. म्हणून ‘नदीतले क्षार वाढले’ अशी बातमी वाचली की माझा पहिला प्रश्न असतो, कुठले माप वाढले?

या गल्लतीची किंमत कोलोराडो नदीने मोजली आहे. अमेरिकेतली सात राज्ये आणि शेवटी मेक्सिको, एवढे तिचे वाटेकरी. 1944 च्या कराराने मेक्सिकोला वर्षाला 15 लाख एकर-फूट, म्हणजे साधारण 65 टीएमसी पाणी ठरले. किती पाणी ते लिहिले, कसले पाणी ते लिहिले नाही. 1961 मध्ये ॲरिझोनातल्या वेल्टन-मोहॉक भागात जमिनीखाली तुंबलेले खारे पाणी पंपाने उपसून, सीमेच्या थोडे अलीकडे नदीत सोडायला सुरुवात झाली. पाण्याचा कोटा पुरा होत होता, पण मेक्सिकोतल्या मेहिकालीच्या खोऱ्यातली पिके जळू लागली. शेतकरी रस्त्यावर आले. वाद मिटायला 1973 उजाडले. मेक्सिकोला मिळणारे पाणी अमेरिकेतल्या इम्पिरियल धरणाशी पोहोचणाऱ्या पाण्यापेक्षा वर्षाच्या सरासरीत दशलक्ष भागांत 115 भागांहून जास्त खारट नसावे, वर-खाली 30 भागांची सूट, असे दोन्ही देशांनी मान्य केले. ते खारे पाणी वेगळ्या कालव्यातून नदीला वळसा घालून मेक्सिकोतल्या सांता क्लारा दलदलीत सोडले गेले. मीठ नाहीसे झाले नाही, नदीतून बाजूला काढले गेले, एवढेच.

पुढच्याच वर्षी, 1974 मध्ये, अमेरिकेने कोलोराडो खोऱ्याच्या क्षारनियंत्रणाचा कायदा केला. त्यानंतरचे काम मला फार शिकण्यासारखे वाटते, कारण तिथे लक्ष्य प्रमाणात ठरले आणि काम भारावर झाले. हूव्हर धरणाखाली लिटरमागे 723 मिलिग्रॅम, पार्कर धरणाखाली 747, इम्पिरियल धरणाशी 879, या वर्षाच्या सरासरीच्या मर्यादा. त्या पाळायच्या कशा? वरच्या राज्यांतून नदीत उतरणारे टन कमी करून. कोलोराडो राज्यातल्या ग्रँड व्हॅलीत जुन्या समुद्राच्या गाळाचा, क्षारांनी भरलेला खडक जमिनीखाली आहे. मातीच्या कालव्यांतून झिरपलेले पाणी त्यातले मीठ विरघळवून नदीत आणायचे. तिथे कालव्यांना अस्तर केले, पाईप टाकले. पॅराडॉक्स व्हॅलीत तर नदीच्या तळातून वर येणारे खारे पाणी उपसून चार किलोमीटरहून खोल विहिरीत दाबले जाई. वर्षाला लाखभर टन मीठ त्यामुळे नदीबाहेर राहत होते. पण या दाबाने भूकंपाचे धक्के बसू लागले, आणि 2019 मध्ये 4.5 तीव्रतेच्या धक्क्यानंतर पंप थांबवावे लागले.

इथे एक बारकावा सुटता कामा नये. प्रमाण वाढण्याच्या वाटा दोन आहेत. पिकाने पाणी प्यायले किंवा जलाशयातून बाष्प होऊन गेले, तर मीठ तेवढेच राहते आणि पाणी आटते. दुसऱ्या वाटेने नवे मीठ नदीत येऊन मिळते. ग्लासातला मीटर दोन्ही वेळा सारखाच चढतो. पहिल्या रोगावर कालव्याचे अस्तर हा उतारा नाही, आणि दुसऱ्यावर धरणातून जादा पाणी सोडणे ही फक्त मलमपट्टी. जादा पाण्याने प्रमाण उतरते, भारातला एक टनही कमी होत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या मरे-डार्लिंग खोऱ्याने दोन्ही मापे एका वहीत आणली. खोल मुळांची देशी झाडी तोडून शेती झाली, सिंचन वाढले, भूजल वर आले आणि खारे पाणी नदीत उतरू लागले. 1988 मध्ये राज्यांनी एकत्र धोरण ठरवले. दक्षिण ऑस्ट्रेलियातले मॉर्गन हे गाव मापाचे ठिकाण ठरले. पाणी जितके खारट तितकी त्याची विद्युतवाहकता जास्त, आणि ती ईसी या एककात मोजतात. तिथली विद्युतवाहकता 95 टक्के वेळ 800 ईसीच्या खाली हवी. लिटरमागे साधारण 500 मिलिग्रॅम. वरच्या राज्याने नवे सिंचन काढले आणि त्याने मॉर्गनला 0.1 ईसीएवढा जरी फरक पडणार असेल, तरी ते त्या राज्याच्या नावे लागते. खारे भूजल नदीत पोहोचण्याआधीच विहिरींतून उपसून दूरच्या खाजणात वाळवले, तर जमेला धरतात. टन वर अडवायचे आणि त्याचा परिणाम खाली प्रमाणात मोजायचा, ही त्या वहीची खुबी. एक टन मीठ कुठे आणि कधी नदीत पडते यावर खालच्याचे नुकसान ठरते, म्हणून नुसते टन मोजूनही न्याय होत नाही.

त्या वहीलाही पुरवणी लागली. 2012 च्या खोरे आराखड्यात दरवर्षी 20 लाख टन मीठ समुद्रात जावे असे उद्दिष्ट घातले गेले. दुष्काळात मॉर्गनचा आकडा आटोक्यात दिसला तरी समुद्राकडे पाणी जात नाही, आणि मीठ खोऱ्यातच साचत राहते.

हे वाचताना मला कृष्णा-भीमा आठवते. बच्छावत लवादाने कृष्णेचे 2,060 टीएमसी वाटले: महाराष्ट्राला 560, कर्नाटकला 700, आंध्राला 800. आपली चर्चा आजही टीएमसीपाशीच थांबते. 2002 ते 2004 च्या दुष्काळात कृष्णेचे पाणी समुद्रापर्यंत जवळजवळ पोहोचलेच नाही, तेव्हा त्या पाण्यातले क्षार कुठे राहिले हा प्रश्न किती जणांनी विचारला? दख्खनच्या काळ्या पाषाणात ग्रँड व्हॅलीसारखे समुद्री मीठ नाही, हे आपले नशीब. पण सांडपाणी आहे, खते आहेत, बारमाही ऊस आहे. मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनीत जाणारे पुण्याचे सांडपाणी नेहमीच्या मैलाशुद्धीकरण केंद्रातून गेले, तर घाण कमी होते. विरघळलेले क्षार बहुतांशी तसेच पुढे जातात. घरच्या आरओतही हेच घडते. ग्लासातले प्रमाण उतरते आणि काढलेले क्षार रिजेक्टच्या नळीतून मोरीत जातात. शिरोळ तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून क्षारपड रान पुन्हा पिकाखाली आणले, हे लाखमोलाचे काम आहे आणि ते वाढायलाच हवे. शेतातून निघालेला तो निचरा ओढ्याने नदीत आणि पुढे कर्नाटकात जातो, याची नोंद मात्र टनात व्हायला हवी.

हिशेब अवघड नाही. त्या काळात वाहिलेले टीएमसी गुणिले लिटरमागचे मिलिग्रॅम गुणिले 28.3, की उत्तर टनात मिळते. दोन्ही मोजणी एकाच ठिकाणची आणि एकाच वेळची हवी. आणि वर्षाची सरासरी काढताना बारा महिन्यांचे आकडे सरळ मिळवून बाराने भागू नका. ज्या महिन्यात पाणी जास्त, त्या महिन्याला तेवढे जास्त वजन द्या, नाहीतर मे महिन्यातली धार जुलैच्या पुराएवढीच धरली जाईल.