सोलापुरी की सोलापूरची?

दुकानांच्या पाट्यांवर 'सोलापुरी चादर' दिसते, तशी 'सोलापूरची चादर'ही दिसते. बोलताना आपण दोन्हींचा अर्थ एकच धरतो, पण तो एक नाही. 'सोलापूरची' म्हटलं की वस्तू कुठली ते कळतं. 'सोलापुरी' म्हटलं की ती कोणत्या धाटणीची ते.

शेंगा चटणी घ्या. भाजलेले दाणे, लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ उखळात घालून तेल सुटेपर्यंत कुटलं की चटणी सोलापुरी झाली, मग उखळ पुण्यात का असेना. तिला 'सोलापूरची' म्हणणं मात्र खोटं. पैठणीचंही तसंच. नाव पैठणचं, पण येवल्यात घरोघरी माग आहेत, म्हणून 'येवल्याची पैठणी' सहज म्हणता येतं.

चादरीला ही मोकळीक नाही. 'सोलापूर चादर' या नावानं तिला भौगोलिक मानांकन आहे. दुसऱ्या गावच्या मागावर तीच नक्षी हुबेहूब उतरवली तरी हे नाव लावता येत नाही. इथे सोलापुरी व्हायला आधी सोलापूरची असावं लागतं, आणि विणकराच्या दृष्टीनं तेच रास्त आहे. उलट कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये मिळालेल्या मानांकनात सोलापूर जिल्हाही आहे. त्यामुळे 'सोलापूरची कोल्हापुरी' हा प्रयोग अगदी बिनचूक.

व्याकरणातही दोघांची चाल वेगळी. 'चा' हा षष्ठीचा प्रत्यय लिंगवचनाप्रमाणे बदलतो: सोलापूरचा टॉवेल, सोलापूरची भाकरी, सोलापूरच्या चादरी. 'ई' लागून झालेलं विशेषण हलत नाही: सोलापुरी हेल, सोलापुरी भाकरी, सोलापुरी चादरीवर. 'भारतीय'मधला संस्कृत 'ईय' आणि 'इराणी'मधला फारसी 'ई' याच कामाचे.

सगळ्यात जास्त चूक होते ती 'पू'ची. 'सोलापूर' म्हणताना शेवटचा 'र' तोकडा पडतो आणि 'पू' लांबतो. त्या 'र'ला स्वर मिळाला की 'पु' आखडतो: सोलापुरी, सोलापुरात. 'ची' किंवा 'कर' लागल्यावर 'र' तोकडाच राहतो, म्हणून सोलापूरची, सोलापूरकर. पाटी रंगवायला देताना 'सोलापूरी' आणि 'सोलापुरची' ही दोन्ही रूपं आधी खोडा.