मोटर सारखी चालू-बंद होतेय? आधी प्रेशर टाकीची हवा बघा

नमस्कार. ज्यांनी आमच्याकडून प्रेशर टाकी बसवून घेतलीय आणि जे घेऊ का नको या विचारात आहेत त्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. फोनवर रोज तेच तेच सांगावं लागतं, म्हटलं एकदाचं लिहूनच काढू.

प्रेशर टाकी म्हणजे पाणी साठवायची टाकी नव्हे. 100 लिटरची घेतली म्हणजे लाइट गेल्यावर 100 लिटर पाणी मिळणार असं समजून लोक घेतात आणि मग आमच्यावर चिडतात. आत रबरी फुगा असतो, फुग्यात पाणी आणि फुगा नि पत्रा यांच्या मधे हवा. मोटरने पाणी ढकललं की ती हवा दाबली जाते, आणि नळ सोडला की तीच दाबलेली हवा पाणी बाहेर काढते, मोटर चालू न होता. प्रेशर स्विच, म्हणजे ठरलेल्या दाबाला मोटर चालू-बंद करणारा स्विच, 30-50 वर असेल तर 50 पीएसआयला (पीएसआय म्हणजे दाब मोजायचं माप) मोटर बंद आणि 30 वर आलं की परत चालू, आणि एवढ्या मधल्या टप्प्यात 100 लिटरच्या टाकीतून निघतं ते 29-30 लिटर. 24 लिटरच्या छोट्या टाकीतून सात. बस.

मग एवढे पैसे कशाला घालायचे? तर मोटरसाठी. मोटर चालत राहिल्याने फारशी झिजत नाही, सारखी चालू होण्याने झिजते, कारण प्रत्येक वेळी उठताना ती नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. टाकी नसेल तर कोणी नुसते हात धुवायला नळ सोडला तरी खाली बोअरमधे मोटर दणका खाणार, आणि घरात सहा माणसं असली की दिवसातून किती वेळा ते तुम्हीच मोजा.

मागच्या गणपतीत अलिबागच्या बाजूच्या एका बंगल्यावरून फोन आला, घरात चौदा माणसं, शॉवरचं पाणी धक्के देत येतंय आणि मोटर दर चार-पाच सेकंदांनी टक करून चालू, टक करून बंद. दोन वर्षांत दोन कपॅसिटर बदलून झाले होते, मोटरच खराब आहे असं कोणीतरी सांगितलेलं आणि नवीन मोटरचं कोटेशन पण हातात होतं. मी टाकीच्या डोक्यावरचं प्लास्टिकचं टोपण काढलं, खालची पिन नखाने दाबली आणि पिचकारी सरळ माझ्या शर्टावर. तिथून हवा यायला हवी, पाणी आलं म्हणजे फुगा फाटलाय. फुगा बदलला, हवा भरली, मोटर तीच आहे अजून.

ही पिन म्हणजे स्कूटरच्या टायरला असते तीच, त्यामुळे हवा चेक करायला टायरचा गेज चालतो आणि भरायला पायाने मारायचा पंप. फक्त एक गोष्ट नव्वद टक्के लोक चुकतात, टाकीत पाणी असताना हवा मोजतात. तेव्हा गेज पाण्याचंच प्रेशर दाखवणार, त्याला काही अर्थ नाही. आधी मेन स्विच बंद करा, मग टाकीजवळचा नळ सोडून पाइपवरच्या प्रेशर मीटरचा काटा शून्यावर येऊ द्या, आणि मग मोजा. मोटर ज्या आकड्याला चालू होते त्याच्यापेक्षा दोन कमी हवी, म्हणजे 30 ला चालू होत असेल तर 28. फुगा चांगला असला तरी हवा हळूहळू कमी होते, म्हणून वर्षातून दोनदा बघा, पावसाळ्याच्या आधी आणि दिवाळीच्या साफसफाईत, लक्षात राहतं.

साइज कशी ठरवायची? मोटर चालू झाली की निदान एक मिनिट तरी चालली पाहिजे. 20 लिटरची बादली लावा आणि मोबाइलवर टाइम बघा. 40 सेकंदात भरली तर मिनिटाला 30 लिटर, म्हणजे तुम्हाला 100 लिटरची टाकी लागेल. गच्चीवर वरच्या टाकीखाली जो अर्ध्या एचपीचा छोटा पंप असतो त्याला 24 लिटरची चालते, पण बोअरमधल्या सबमर्सिबलला ती लावून मागू नका, आम्ही लावत नाही. आणि खरं सांगायचं तर खूप जणांना प्रेशर टाकीची गरजच नसते. वरची टाकी शॉवरपासून तीन मीटर उंच असेल तर चार-साडेचार पीएसआय मिळतं, बादलीने आंघोळ करणाऱ्याला तेवढं बास आहे. अमेरिकेत मुलाकडे बेसमेंटमधे टाकी बघून येतात आणि तशीच पाहिजे म्हणतात, पण तिथे थंडीत पाणी गोठतं, गच्चीवर टाकी ठेवायची सोयच नाही. इथे वरची टाकी काढून टाकू नका, लाइट गेली की तीच उपयोगाला येते.

विहिरीवर डायरेक्ट प्रेशर टाकी असेल तर मे महिन्यात सांभाळा. पाणी खाली गेलं की 50 पर्यंत प्रेशर चढतच नाही, स्विच वाट बघत बसतो आणि मोटर कोरडी फिरून जळते. पाणी संपलं की मोटर बंद करणारं ड्राय रनचं पॅनल लावून घ्याच, यात कंजूषी नको.

आणि जुन्या बंगल्यात भिंतीतली जीआय (लोखंडी पाइपची) लाइन असेल तर आधी सांगा. आयुष्यभर चार पीएसआयवर चाललेल्या गंजक्या पाइपात एकदम 50 दिलं तर ओल कुठून फुटेल सांगता येत नाही. अशा घरी आम्ही 20-40 वरच ठेवतो.

प्रेशर स्विचचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. आत 230 व्होल्ट असतात, शिवाय मोठ्या स्प्रिंगचा नट थोडा जास्त पिळला तर मोटरला न झेपणारा आकडा सेट होतो आणि ती बंदच होत नाही.

फोन करताना तीन गोष्टी हाताशी ठेवा: बादली किती सेकंदात भरते, मोटर किती एचपीची आणि पिन दाबल्यावर काय आलं. हवा आली म्हणालात तर बहुतेक वेळा फोनवरच काम होतं, पाणी आलं म्हणालात तर आम्ही फुगा घेऊनच येतो.