पश्चिमेची तक्रार : ओटावा आणि प्रेरी प्रांतांच्या जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅनडात जस्टिन ट्रुडो यांच्या सरकारने कार्बन करात एक सवलत जाहीर केली. घर गरम ठेवायला जे तेल जाळतात, त्यांना तीन वर्षं हा कर माफ. कागदावर सवलत साऱ्या देशाला होती. पण तेलावर घर तापवण्याचं प्रमाण सर्वांत जास्त ते अटलांटिक किनाऱ्यावरच्या प्रांतांत. अल्बर्टा आणि सस्कॅचेवानमध्ये घरोघरी नैसर्गिक वायू, आणि वायूवरचा कर जसाच्या तसा राहिला. अटलांटिक प्रांतांत ट्रुडोंच्या लिबरल पक्षाचे भरपूर खासदार होते आणि मतदारांच्या तक्रारींनी ते बेजार झाले होते. अल्बर्टातून २०२१ मध्ये लिबरलांचे दोनच खासदार निवडून आले होते, सस्कॅचेवानमधून एकही नाही. त्यात न्यूफाउंडलंडच्या केंद्रीय मंत्री गुडी हचिंग्ज टीव्हीवर बोलून गेल्या, की प्रेरी प्रांतांना (अल्बर्टा, सस्कॅचेवान आणि मॅनिटोबा) आपलं म्हणणं ऐकलं जावं असं वाटत असेल तर त्यांनी तिथून जास्त लिबरल निवडून द्यावेत. सस्कॅचेवानचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, स्कॉट मो यांनी १ जानेवारी २०२४ पासून घरगुती वायूवरचा हा कर गोळा करणंच बंद केलं.

पश्चिमेतले लोक शंभर वर्षं जे म्हणत आले, ते एका मंत्र्याने कॅमेऱ्यासमोर स्वतःहून सांगून टाकलं होतं. अल्बर्टाची नाराजी म्हणजे तेल आणि पैसा, असं बाहेरून वाटतं. माझ्या मते पैसा दुय्यम आहे. खरं दुखणं जागांच्या गणितात आहे.

२०२५ च्या निवडणुकीपासून कॅनडाच्या कनिष्ठ सभागृहात ३४३ जागा आहेत. त्यांपैकी ओंटारियोच्या १२२ आणि क्वेबेकच्या ७८, म्हणजे दोघांच्या मिळून २००. बहुमताला १७२ लागतात. अल्बर्टाच्या ३७ आणि सस्कॅचेवानच्या १४ जागा सगळ्या हातच्या गेल्या तरी सरकार बनतं. अनेकदा बनलंही आहे. लोकसंख्येच्या मानाने जागा, तेव्हा यात अन्याय काय, असा प्रश्न रास्त आहे. संघराज्यात त्यावर उतारा असतो तो वरिष्ठ सभागृहाचा. पण कॅनडाच्या सिनेटमध्ये पश्चिमेच्या चार प्रांतांना प्रत्येकी सहाच जागा आहेत. पन्नास लाखांवर वस्तीच्या ब्रिटिश कोलंबियाला सहा आणि आठ-साडेआठ लाखांच्या न्यू ब्रन्सविकला दहा. सिनेटर पंतप्रधानांच्या शिफारशीवरून नेमले जातात, निवडून येत नाहीत. म्हणजे पश्चिमेला खालच्या सभागृहात संख्या नाही आणि वरच्यात वजन नाही.

अन्यायाची तक्रार मात्र पश्चिमेने सुरू केलेली नाही. १८६७ मध्ये संघराज्य जन्माला आलं आणि त्याच वर्षी नोव्हा स्कोशियाने केंद्रीय निवडणुकीत १९ पैकी १८ जागा संघराज्याला विरोध करणाऱ्यांना दिल्या. त्यांचे पुढारी जोसेफ हाऊ लंडनपर्यंत जाऊन आले, उपयोग झाला नाही. शेवटी १८६९ मध्ये प्रांताला वाढीव अनुदान मिळालं आणि हाऊ स्वतः केंद्रात मंत्री झाले. रुसलेल्याला पैसे देऊन गप्प करायचं आणि पुढाऱ्याला मंत्रिपद द्यायचं, हा पायंडा तेव्हापासूनचा.

पश्चिमेची गोष्ट मुळातच वेगळी. हडसन्स बे या ब्रिटिश व्यापारी कंपनीच्या ताब्यातला तो अफाट मुलूख कॅनडाने १८७० मध्ये तीन लाख पौंडांना घेतला. तिथल्या लोकांना कुणी विचारलं नाही. रेड रिव्हरच्या मेटी (मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या) लोकांनी लुई रिएल यांच्या नेतृत्वाखाली उठाव केला, म्हणून त्याच वर्षी मॅनिटोबा प्रांत झाला, पण चिमुकला. शिवाय जमीन आणि खनिजं केंद्राने स्वतःकडेच ठेवली. मूळच्या चार प्रांतांकडे आपापल्या जमिनींची मालकी होती. १९०५ मध्ये अल्बर्टा आणि सस्कॅचेवान हे प्रांत झाले, तेव्हाही तोच प्रकार. तिथल्या सरकारचे प्रमुख फ्रेडरिक हॉल्टन यांना एकच मोठा प्रांत हवा होता. पंतप्रधान विल्फ्रिड लॉरिए यांनी त्याचे दोन केले, आणि जमिनीखाली जे काही आहे ते ओटावाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, नावावर राहिलं. नवे वसाहतकार आणायला आणि रेल्वेला द्यायला जमीन लागते, असं कारण सांगितलं गेलं. ते खोटं नव्हतं. एकट्या कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेला अडीच कोटी एकर जमीन आणि अडीच कोटी डॉलर मिळाले होते. प्रेरी प्रांतांना आपल्याच खनिजांवर हक्क मिळायला १९३० साल उजाडलं.

रोजच्या जगण्यातली चीड आणली ती पंतप्रधान जॉन ए. मॅकडोनाल्ड यांच्या १८७९ च्या ‘राष्ट्रीय धोरणा’ने. आयात मालावर जबर कर बसला, म्हणजे ओंटारियो-क्वेबेकचे कारखाने अमेरिकन मालापासून सुरक्षित झाले. प्रेरीतला शेतकरी गहू विकायचा तो जगाच्या खुल्या बाजारात, तिथे त्याला कसलंच संरक्षण नाही. आणि नांगर, कापणीयंत्र, बूट घ्यायचा ते ओंटारियोतून, कराने फुगलेल्या भावाने. वर रेल्वेचं भाडं. पूर्वेत रेल्वेला जलवाहतुकीशी स्पर्धा करावी लागे, म्हणून तिथले दर कमी. प्रेरीत स्पर्धाच नाही, म्हणून चढे. १८९७ च्या क्रोज नेस्ट करारात सरकारी अनुदानाच्या बदल्यात रेल्वेने धान्याचे दर कमी केले. ती एक सवलत प्रेरीने पुढे जवळपास शंभर वर्षं जिवापाड जपली. १९८३ मध्ये ते दर गेले आणि १९९५ मध्ये उरलेलं अनुदानही.

१९१५ मध्ये विनिपेगच्या ‘ग्रेन ग्रोअर्स गाइड’ या शेतकऱ्यांच्या पत्राने एक व्यंगचित्र छापलं. कॅनडाच्या नकाशावर आडवी उभी असलेली अवाढव्य गाय. तोंड प्रेरीत, तिथे शेतकरी तिला चारा घालतायत. कास ओंटारियो-क्वेबेकमध्ये, तिथे धनाढ्य मंडळी दूध काढतायत. कॅनडातल्या शाळांच्या इतिहासाच्या पुस्तकांत हे चित्र अजून सापडतं. सहा वर्षांनी, १९२१ मध्ये, शेतकऱ्यांचा प्रोग्रेसिव्ह पक्ष केंद्रात एकदम दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष झाला आणि पाच-सात वर्षांत विरूनही गेला. मंदीच्या काळात अल्बर्टात सोशल क्रेडिट आणि कॅल्गरीत जन्मलेला, पण सस्कॅचेवानमध्ये सत्तेवर आलेला सीसीएफ (को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन), हे दोन पक्ष उभे राहिले. एक उजवीकडचा, दुसरा डावा. दोघांचाही राग मात्र पूर्वेच्या बँकांवर.

१३ फेब्रुवारी १९४७ रोजी एडमंटनजवळ लेडुकला तेल लागलं आणि पारडं फिरलं. इथे एक गोष्ट नोंदवायला हवी, कारण अल्बर्टात ती फारशी कुणी बोलून दाखवत नाही. १९६१ मध्ये पंतप्रधान डिफेनबेकर यांच्या सरकारने ओटावा खोऱ्यावर एक रेघ ओढली. तिच्या पूर्वेला स्वस्त आयात तेल चालेल, पश्चिमेला मात्र कॅनडाचंच तेल घ्यायचं. म्हणजे ओंटारियोचे ग्राहक दहा-बारा वर्षं जागतिक भावापेक्षा जास्त मोजून अल्बर्टाचं तेल घेत होते. तेव्हा केंद्राचा पक्षपात अल्बर्टाच्या बाजूने होता.

१९७३ मध्ये जगात तेलाचे भाव भडकले आणि ओटावाने देशातले भाव रोखून धरले, निर्यातीवर कर लावला. १९७९ मध्ये इराणच्या क्रांतीनंतर भाव पुन्हा दुपटीवर गेले. फेब्रुवारी १९८० च्या निवडणुकीत जस्टिन यांचे वडील, लिबरल पक्षाचे पियर ट्रुडो १४७ जागा घेऊन पंतप्रधानपदी परतले. ओंटारियोच्या पश्चिमेला त्यांतल्या फक्त दोन होत्या, दोन्ही मॅनिटोबातल्या. २८ ऑक्टोबरला अर्थसंकल्पात राष्ट्रीय ऊर्जा कार्यक्रम आला. देशातला भाव जागतिक भावापेक्षा खाली, केंद्राचा नवा कर, आणि १९९० पर्यंत तेल उद्योगाची निम्मी मालकी कॅनेडियन हातांत आणायचं उद्दिष्ट. ऊर्जामंत्री मार्क लालोंद क्वेबेकचे. त्यांची बाजूही पोकळ नव्हती. अल्बर्टाची तिजोरी ओसंडून वाहत असताना केंद्राची तूट वाढत होती आणि ओंटारियोचे कारखाने महागाईने कण्हत होते. पण पश्चिमेतून दोन खासदार असलेलं सरकार पश्चिमेच्या मालाचा भाव ठरवणार, हे तिथे कुणाच्या गळी उतरणार होतं?

दोन दिवसांनी अल्बर्टाचे प्रीमियर पीटर लॉहीड टीव्हीवर आले. ओटावा न विचारता, न बोलता आपल्या घरात शिरून दिवाणखान्यात ठाण मांडून बसलंय, असं ते म्हणाले. आणि उत्पादन टप्प्याटप्प्याने दिवसाला १,८०,००० बॅरलनी कमी करणार असल्याचं जाहीर केलं. ‘त्या पूर्वेकडच्या हरामखोरांना अंधारात गारठू दे’ अशा अर्थाची स्टिकरं अल्बर्टात गाड्यांच्या बंपरवर झळकत होती. फेब्रुवारी १९८२ मध्ये ओल्ड्स-डिड्सबरीच्या पोटनिवडणुकीत चक्क फुटीरतावादी उमेदवार निवडून आला. सप्टेंबर १९८१ मध्ये ट्रुडो आणि लॉहीड यांनी समझोता करून शॅम्पेनचे पेले उंचावले होते. तो फोटो पुढे लॉहीडना फार जड गेला. कारण लगेच मंदी आली, व्याजदर वीस टक्क्यांच्या वर गेले, पुढे तेलाचे जागतिक भावही कोसळले. कॅल्गरीत लोकांची घरं गेली. त्यातला किती दोष ऊर्जा कार्यक्रमाचा आणि किती व्याजदरांचा, यावर अर्थतज्ज्ञ वाद घालतात. ज्यांची घरं गेली त्यांनी मात्र एकच नाव लक्षात ठेवलं, आणि २०१५ मध्ये त्याच आडनावाचा माणूस पंतप्रधान झाला.

१९८४ मध्ये प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे ब्रायन मल्रोनी सत्तेवर आले ते पश्चिमेच्या खांद्यावर बसून. अल्बर्टाच्या २१ पैकी २१ जागा त्यांच्या. ऊर्जा कार्यक्रम त्यांनी मोडीत काढला. आता आपलं सरकार आहे, असं पश्चिमेला वाटत असतानाच सीएफ-१८ विमानांचं प्रकरण झालं. या लढाऊ विमानांच्या देखभालीचं कंत्राट एक अब्ज डॉलरहून मोठं होतं. विनिपेगच्या ब्रिस्टल एरोस्पेसची निविदा स्वस्त होती आणि सरकारी तज्ज्ञांनी ती तांत्रिकदृष्ट्याही सरस ठरवली होती. ३१ ऑक्टोबर १९८६ ला कंत्राट गेलं माँट्रियलच्या कॅनडेरला. मल्रोनींच्या पक्षाला क्वेबेकने ७५ पैकी ५८ जागा दिल्या होत्या, आणि त्या टिकवायच्या होत्या. आपला तो बाब्या, हे गणित पक्ष बदलून बदलत नाही, हे पश्चिमेला त्या दिवशी कळलं. ऊर्जा कार्यक्रमापेक्षा हे प्रकरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथे निदान धोरणाचा वाद होता. इथे नियमाने जिंकलेला माणूस बाहेर बसवला गेला.

वर्षभरात त्याच विनिपेगमध्ये प्रेस्टन मॅनिंग यांचा रिफॉर्म पक्ष स्थापन झाला. घोषणा फुटून निघण्याची नव्हती, ‘पश्चिमेला आत यायचंय’ अशी होती. मागणी निवडून आलेल्या, सर्व प्रांतांना समान जागा देणाऱ्या सिनेटची. १९९३ मध्ये रिफॉर्मचे ५२ खासदार आले आणि मल्रोनींचा पक्ष दोनवर आला. सिनेट मात्र तशीच राहिली, कारण तिच्यासाठी घटना बदलावी लागते आणि त्याला हवी असलेली प्रांतांची संमती मिळत नाही. कॅल्गरीचे खासदार स्टीफन हार्पर २००६ पासून जवळपास दहा वर्षं पंतप्रधान होते, त्यांनाही ते जमलं नाही.

पैशाचा वाद येतो तो समानीकरण अनुदानावर, म्हणजे कमी कमाईच्या प्रांतांना केंद्र देतं त्या पैशावर. १९५७ मध्ये सुरू झालेली ही योजना १९८२ पासून घटनेत आहे. २०२४-२५ मध्ये २५.३ अब्ज डॉलर वाटले गेले, त्यातले १३.३ अब्ज क्वेबेकला. अल्बर्टाला शेवटचं अनुदान मिळालं ते १९६० च्या दशकात. अल्बर्टा सरकार क्वेबेकला धनादेश पाठवतं, असा समज तिथे सर्रास आहे, पण तो चुकीचा आहे. पैसा केंद्राच्या सर्वसाधारण महसुलातून जातो. अल्बर्टात उत्पन्न जास्त, म्हणून तिथून केंद्रीय कर जास्त गोळा होतो, इतकंच. आपल्याकडे राज्यांचा वाटा वित्त आयोग सुचवतो, कॅनडात असा स्वतंत्र आयोग नाही. सूत्र केंद्राचं अर्थखातं ठरवतं आणि संशयाला तिथेच जागा मिळते. क्वेबेक आपली जलविद्युत घरच्या ग्राहकांना स्वस्तात देतं, त्यामुळे त्याची कमाईची ताकद कमी दिसते आणि अनुदान वाढतं, ही टीका मला तरी खोडता येत नाही. ऑक्टोबर २०२१ च्या सार्वमतात अल्बर्टाच्या सुमारे ६२ टक्के मतदारांनी ही तरतूद घटनेतून काढा असं सांगितलं. त्याचा पुरस्कार करणारे प्रीमियर जेसन केनी हार्पर मंत्रिमंडळात होते, आणि चालू सूत्र त्याच सरकारचं.

पाइपलाइनींचा हिशेबही असाच गुंतलेला. अल्बर्टाचं तेल पश्चिम किनाऱ्यावर नेणारी नॉर्दर्न गेटवे पाइपलाइन २०१६ मध्ये जस्टिन ट्रुडो यांनी फेटाळली, २०१९ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तर किनाऱ्यावर टँकरबंदी आणली. दुसरीकडे ट्रान्स माउंटन २०१८ मध्ये त्याच सरकारने साडेचार अब्जांना विकत घेतली, तीसहून अधिक अब्ज ओतून वाढवली आणि १ मे २०२४ ला सुरू केली. तेलासाठी इतका खर्च अल्बर्टाच्या लाडक्या हार्पर यांनीही केला नव्हता. त्याबद्दल ट्रुडोंचं तिथे फारसं कौतुक झालं नाही.

एप्रिल २०२५ मध्ये एडमंटनमध्ये वाढलेले लिबरल पंतप्रधान मार्क कार्नी जिंकले, तरी अल्बर्टातून लिबरलांना दोनच जागा मिळाल्या. अल्बर्टाच्या प्रीमियर डॅनिएल स्मिथ यांच्या सरकारने नागरिकांच्या याचिकेवरून सार्वमत घेण्याची अट सैल केली. सुमारे १,७८,००० सह्या पुरेशा झाल्या. अल्बर्टा कॅनडातून वेगळं करू पाहणारे फुटीरतावादी कामाला लागले. पण आधी सह्या जमवल्या त्या कॅनडातच राहू म्हणणाऱ्यांनी, चार लाखांहून जास्त. नोव्हेंबरमध्ये कार्नी आणि स्मिथ यांनी पश्चिम किनाऱ्यापर्यंतच्या नव्या पाइपलाइनसाठी सामंजस्य करारावर सह्या केल्या, तेव्हा ब्रिटिश कोलंबियाचे प्रीमियर डेव्हिड ईबी यांची तक्रार होती, की आम्हाला विश्वासात घेतलं नाही.

हीच तक्रार मूळनिवासींची, आणि ती सर्वांत जुनी. अल्बर्टाचा मुलूख ज्या करारांखाली येतो ते सहावा, सातवा आणि आठवा करार १८७६, १८७७ आणि १८९९ चे, ब्रिटिश राजसत्तेशी झालेले. प्रांत जन्मला १९०५ मध्ये. १९३० मध्ये ओटावाने जमीन आणि खनिजं प्रांतांच्या हवाली केली, तेव्हा या लोकांशी चर्चा झाली नव्हती. अल्बर्टा वेगळं होण्याची भाषा सुरू झाल्यावर त्यांचे प्रमुख सांगू लागले, की जी जमीन घेऊन तुम्ही निघालात, तिच्याबद्दलचा करार आमचा आहे आणि तुम्ही त्यात पक्षकार नाही.