लाल मोहर, पिवळा मोहर: गुलमोहर आणि सोनमोहर यांच्यातला फरक

आमच्या साताऱ्याच्या घराच्या आवारात दोन मोठी झाडं आहेत. कुंपणाच्या भिंतीला खेटून गुलमोहर, फाटकापाशी सोनमोहर. घरात दोघांनाही गुलमोहरच म्हणतात, एक लाल आणि एक पिवळा. भिंतीला तडा गेला तेव्हा शेजारच्या काकांनी सल्ला दिला, "लाल काढा आणि पिवळाच लावा. तो आपला देशी, त्याचा त्रास नाही." हा सल्ला मी इतक्या घरांतून ऐकला आहे की त्यातलं खरं-खोटं नीट सांगावंसं वाटतं.

आधी देशीपणाचं. गुलमोहर मादागास्करचा, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण सोनमोहरही महाराष्ट्राचा नाही. अंदमान, श्रीलंका, आग्नेय आशिया ते थेट उत्तर ऑस्ट्रेलिया हा त्याचा मुलूख. आपल्याकडे दोघंही रस्त्यांच्या आणि बंगल्यांच्या शोभेसाठीच आले. गुलमोहर इतका रुजला की साताऱ्यात १ मे हा गुलमोहराचा दिवस म्हणून साजरा होतो.

फुलं नसताना दोघांत गल्लत होणं साहजिक आहे, कारण दोघांची पानं पिसासारखी, बारीक पर्णिकांची. तरी गुलमोहराचं पान फिकट हिरवं आणि नाजूक असतं, सोनमोहराचं गडद आणि थोडं जाडसर. खात्री हवी असेल तर शेंग बघा. गुलमोहराची शेंग चपटी, काळपट, लाकडासारखी टणक. दीड-दोन फूट लांब भरते आणि वाळली की खुळखुळते. सोनमोहराची जेमतेम बोटाएवढी, पातळ, तांब्याच्या रंगाची, आत एक ते चार बिया. ती झाडावर महिनोन्‌महिने राहते, त्यामुळे लांबून झाड गंजल्यासारखं दिसतं. फुलांत तर शंकाच नको. गुलमोहराच्या पाच पाकळ्यांपैकी एक पांढरट-पिवळी, ठिपक्यांची. सोनमोहराच्या कळ्या तपकिरी मखमली, तुरे आभाळाकडे उभे आणि पाकळ्या चुरगळलेल्या कागदासारख्या. पिवळा तुरा खाली झुंबरासारखा लोंबत असेल, तर तो दोघांपैकी कुणीच नाही, तो बहावा. (खऱ्या गुलमोहरातही क्वचित पिवळ्या फुलांचं झाड आढळतं. म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका.)

आता त्रासाकडे येतो. गुलमोहराची मुळं उथळ असतात आणि आडवी दूरवर पसरतात. जुन्या झाडाची मुळं बुंध्यापासून जमिनीवर उठून दिसतात. फरशी उचलली जाते, ओटा फाटतो, कुंपणाची भिंत कलते. वर छत्रीसारखा विस्तार असतो, म्हणजे लांब आडव्या फांद्या आणि सगळं वजन टोकांना. लाकूड ठिसूळ. वळवाच्या पहिल्या वाऱ्यात मोटारीवर फांदी पडते ती अशी. खाली गवत धड येत नाही, तुळस-जास्वंदही खुरटते.

सोनमोहराचा जाच वेगळा. फुलं गळायला लागली की अंगण पिवळंधमक होतं. ते बघायला मला फार आवडतं, पण तीच फुलं आणि बारीक पर्णिका पन्हळीत साचून कुजतात आणि पहिल्या मोठ्या पावसात गच्चीवर पाणी तुंबतं. कधी कधी पावसाळ्याच्या शेवटी पुन्हा बहर येतो, म्हणजे पुन्हा सफाई. पावसाळ्यात कुंड्यांत, भिंतीच्या फटीत रोपं उगवतात. ती वीतभर असतानाच उपटावीत, नंतर हात दुखतो आणि मूळ आत राहतं.

वाऱ्याबाबत मात्र सोनमोहर बिनधोक, हा काकांचा समज सोडून द्यावा लागेल. तो गुलमोहरापेक्षा उंच जातो, त्याचा पर्णभार दाट असतो, आणि दाट झाड वारा धरतं. मातीचा थर उथळ असला, किंवा नळासाठी चर खणताना एका बाजूची मुळं तोडली असली, की तोही आडवा होतो. दोघांच्याही बुंध्याशी लाकडासारखी कठीण अळंबी दिसली तर आत कूज लागली आहे असं समजा आणि जाणकाराला बोलवा. ढोलीत सिमेंट भरणं, बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवणं, यांनी झाडाचं नुकसानच होतं.

छाटणी पावसाआधी, शक्यतो फेब्रुवारी-मार्चमध्ये करावी. तेव्हा गुलमोहर बहुधा निष्पर्ण असतो आणि कुठली फांदी वाळली, कुठली चिरली, ते दिसतं. जड फांदीला आधी खालून काप द्यावा, मग वरून. नाहीतर पडताना ती खोडाची साल सोलून नेते. शेंडा मारून झाड बोडकं करणं मला अजिबात मान्य नाही. तिथून फुटणारे फुटवे वरवर चिकटलेले असतात आणि पुढे तेच मोडून पडतात. शहरात राहत असाल तर झाड तुमच्या आवारात असलं तरी कुऱ्हाड लावण्याआधी परवानगी लागते. महाराष्ट्रात त्यासाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम आहे. अर्ज नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे करायचा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष धरलं जातं, तेव्हा आजोबांनी लावलेल्या झाडाचं वय आधी आठवून बघा.

नव्याने लावायचं असेल तर घरापासून तीस फूट जागा सुटत नसताना दोन्ही मोहर टाळा. लहान आवाराला बहावा बरा. तो खरोखरच इथला, आटोपशीर वाढीचा. फक्त फुलायला काही वर्षं वाट बघावी लागते.

आम्ही गुलमोहर काढला नाही. भिंतीचा तो तुकडा पाडला, मुळांना जागा सोडून तिथे जाळी लावली आणि घराकडे झुकलेल्या दोन फांद्या परवानगी घेऊन उतरवल्या. फाटकापाशी मोटार आता लावत नाही. पन्हळ मे महिन्याच्या अखेरीस एकदा आणि बहर दुसऱ्यांदा आला तर पुन्हा एकदा साफ करतो.