तीव्र आम्ल की संहत आम्ल?

पातळ केलं म्हणून हायड्रोक्लोरिक आम्ल सौम्य होत नाही, आणि बाटली उघडताच नाकात झणका गेला म्हणून ॲसेटिक आम्ल तीव्र ठरत नाही. लॅबमध्ये ‘काँक’ (कॉन्सन्ट्रेटेड, म्हणजे संहत) आणि ‘स्ट्राँग’ (तीव्र) हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. घोळ तिथूनच सुरू होतो.

संहत-विरल हा पाण्याचा हिशोब: लिटरभर द्रावणात आम्ल किती. तो आपल्या हातात आहे. तीव्र-सौम्य हा पदार्थाचा स्वभाव: पाण्यात पडल्यावर किती रेणू आपला प्रोटॉन (H⁺) सोडतात.

दोन्ही आम्लांची ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) द्रावणं करून बघा. १२ मोलर हायड्रोक्लोरिक ८.३ मिली, ग्लेशियल, म्हणजे जवळपास बिनपाण्याचं, ॲसेटिक (१७.४ मोलर) ५.७ मिली. एक लिटरच्या फ्लास्कमध्ये आधी निम्मं पाणी, मग आम्ल, शेवटी खुणेपर्यंत पाणी. पहिल्याचा सामू (pH) १ च्या आसपास, दुसऱ्याचा २.९. हायड्रोक्लोरिकचं जवळपास पूर्ण विचरण (रेणू फुटून आयन होणं) झालेलं असतं, ॲसेटिकचं जेमतेम १.३ टक्के. दोन्ही दहापट पातळ केली की सामू २ आणि ३.४ होतो, पण ॲसेटिकचं विचरण वाढून ४ टक्क्यांवर जातं. म्हणजे पातळ केल्यावर सौम्य आम्लाचे रेणू उलट जास्त सुटतात!

आता ब्युरेट (थेंब-थेंब द्रव सोडणारी मोजनळी) लावा. ०.१ मोलरच्या १० मिली द्रावणातलं आम्ल उदासीन करायला ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड हा आम्लारी दोन्हीकडे १० मिलीच लागतं. सुटे प्रोटॉन संपत जातात तसे उरलेले रेणू आपले प्रोटॉन सोडत राहतात. चूक होते ती दर्शक (सामूप्रमाणे रंग बदलणारा पदार्थ) निवडताना. ॲसेटिकला मिथिल ऑरेंज टाकलं तर रंग फार आधी बदलतो. तिथं फिनॉल्फ्थॅलीनच हवं, कारण शेवटचा बिंदू सामू ८.७ जवळ येतो.

आपल्या संत्र्याचंही असंच. रसाचा सामू ३.५ आणि सायट्रिक आम्ल ०.७ टक्के धरलं, तर १० मिली रसातल्या सुट्या प्रोटॉनांना त्याच सोडियम हायड्रॉक्साइडचा एक थेंबसुद्धा जास्त होईल. प्रत्यक्षात सुमारे ११ मिली लागतं. आंबटपणा मोजायचा तर नुसत्या सामूवर विसंबू नये.

सौम्य म्हणजे निरुपद्रवी, हा दुसरा गैरसमज. ग्लेशियल ॲसेटिक कातडी भाजतं. ते १६.६ अंशांना गोठतं, त्यामुळे नागपूरच्या जानेवारीत सकाळी बाटलीत बर्फासारखा गठ्ठा दिसू शकतो. माल खराब झालेला नसतो. झाकण सैल करून बाटली कोमट पाण्यात ठेवावी, बर्नरवर मुळीच नाही.

आम्लारींमध्ये हाच पेच अमोनियाचा. आम्लारी सौम्य, ०.१ मोलरला सामू ११.१ (सोडियम हायड्रॉक्साइडचा १३), पण संहत बाटली मे महिन्यातल्या ४५ अंशांत तापली की आत वायूचा दाब साठतो. ती आधी बर्फाच्या पाण्यात थंड करावी आणि फ्यूम हूडमध्ये (वायू ओढून घेणाऱ्या कपाटात), तोंड बाजूला ठेवून, हळूच उघडावी.