अतिनवताऱ्यांचे प्रकार आणि दीर्घिकांची ओळख : पार्श्वभूमी

अतिनवतारे म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड स्फोट. त्यांची आजची वर्गवारी १९४१ साली अवघ्या १४ ताऱ्यांच्या वर्णपटांवरून (प्रकाश रंगांत फोडून मिळणाऱ्या पट्ट्यांवरून) ठरली. हायड्रोजनच्या रेषा नाहीत तो प्रकार १, आहेत तो प्रकार २. चौदांपैकी नऊ पहिल्यात गेले, पाच दुसऱ्यात. स्फोट नेमका कशामुळे होतो हे तेव्हा पक्के ठाऊक नव्हते. त्यामुळे निकष लागला तो दिसण्याचा, कारणाचा नव्हे, आणि पुढचा बराचसा गुंता इथूनच सुरू होतो.

त्याआधीचा भाग थोडक्यात सांगता येतो. १८८५ मध्ये देवयानी दीर्घिकेत दिसलेला तारा साधा नवतारा, म्हणजे अतिनवताऱ्यापेक्षा खूपच कमी तेजाचा उद्रेक, मानला गेला. साधा नवतारा इतका ठळक दिसतो म्हणजे ती दीर्घिका जवळच असणार, हा युक्तिवाद १९२० च्या दशकापर्यंत टिकला. १९३४ मध्ये अतिनवतारे हा वेगळा वर्ग म्हणून मांडला गेला. १९६० मध्ये स्फोटाच्या दोन यंत्रणा सुचवल्या गेल्या: श्वेतबटूतले (सूर्यासारख्या ताऱ्याच्या उरलेल्या दाट गाभ्यातले) बेलगाम अणुसंमीलन आणि जड ताऱ्याच्या गाभ्याचे कोसळणे. अभ्यासकांनी पहिली यंत्रणा प्रकार १ ला आणि दुसरी प्रकार २ ला जोडली. लंबवर्तुळाकार दीर्घिकांत फक्त प्रकार १ सापडत होता, तिथे तरुण जड तारे नसतात, म्हणून ही जोडणी पटण्यासारखी होती. सर्पिल दीर्घिकांत मात्र प्रकार १ चे काही तारे थेट भुजांवर, ताऱ्यांच्या जन्मस्थळांना चिकटून दिसत. म्हाताऱ्या श्वेतबटूंचे तिथे काय काम, हा प्रश्न बराच काळ लोंबकळत राहिला.

उत्तर १९८० च्या दशकात मिळाले. नेहमीच्या प्रकार १ च्या वर्णपटात ६१५ नॅनोमीटरच्या आसपास खोल दरी असते. ती सिलिकॉनची ६३५.५ नॅनोमीटरची रेषा. आपल्याकडे सेकंदाला सुमारे १०,००० किलोमीटर वेगाने येणाऱ्या वायूमुळे निळ्या बाजूला सरकलेली. ही दरी नसलेले तारे १९६० च्या दशकातही नोंदले गेले होते, पण ते ‘विचित्र’ म्हणून बाजूला पडले. १९८३एन आणि १९८४एल (नावात सापडल्याचे वर्ष आणि अक्षर) या अतिनवताऱ्यांत दरीऐवजी हेलियमच्या रेषा ठळक निघाल्या. महिनोन्‌महिने उलटल्यावर, वायू विरळ होऊन आतला भाग दिसू लागला तेव्हा, फरक आणखी उघडा पडला. नेहमीच्या प्रकार १ मध्ये त्या टप्प्यावर लोहाच्या रेषांची गर्दी असते; १९८५एफ मध्ये ६३० नॅनोमीटरची ऑक्सिजनची रुंद रेषा सगळ्यांवर मात करत होती. इतका ऑक्सिजन जड ताऱ्याच्या गाभ्यातच तयार होतो. हे हायड्रोजनचे आवरण गमावलेले जड तारे होते.

या टप्प्यावर सीमारेषा नव्याने आखायला हवी होती. तसे झाले नाही. जुनी चौकट तशीच ठेवून प्रकार १ चे तुकडे पाडले: सिलिकॉन असेल तर १ए, हेलियम असेल तर १बी, दोन्ही ठळक नसतील तर १सी. परिणामी १बी आणि १सी यांचे खरे नाते प्रकार २ शी असूनही नाव मात्र १ए च्या घरातले. जुन्या नोंदींशी सातत्य राहावे, हे या निर्णयाचे समर्थन. त्यात तथ्य आहे, कारण वर्णपट ही थेट दिसणारी गोष्ट आहे आणि यंत्रणा हा अनुमानाचा भाग. तरीही किंमत मोठी पडली. १९८५ पूर्वीच्या नोंदींवरून सर्पिल दीर्घिकांतल्या प्रकार १ चा जो दर काढला गेला, त्यात दोन वेगळ्या वयांच्या ताऱ्यांची बेरीज आहे. जुने आकडे आज वापरायचे असतील तर मूळ वर्णपट पुन्हा तपासावे लागतात, आणि ते जपून ठेवलेले असतीलच असे नाही.

ही सीमा किती कच्ची आहे हे १९८७के ने दाखवले: सुरुवातीला हायड्रोजन, काही महिन्यांनी तो गायब आणि १बी सारखा वर्णपट. १९९३जे ने तेच ठळकपणे केले. या गटाला २बी म्हणतात. असा तारा उशिरा सापडला तर त्याची नोंद १बी म्हणून होते. म्हणून प्रकारासोबत वर्णपट कमाल तेजाच्या किती दिवस आधी वा नंतर घेतला हे लिहिणे आवश्यक असते. दुसरी नेहमीची चूक २एन बाबत होते. त्याची खूण म्हणजे हायड्रोजनची अरुंद रेषा. पण दीर्घिकेतल्या तप्त वायुमेघाचीही रेषा अरुंदच असते. पार्श्वभूमी थोड्या दूरच्या जागेवरून वजा केली की मेघाचा प्रकाश वर्णपटात उरतो आणि साधा अतिनवतारा २एन ठरतो. तारा मावळल्यावर, वर्षा-दोन वर्षांनी त्याच जागेचा वर्णपट पुन्हा घ्यावा. रेषा तेवढीच राहिली तर ती मेघाची.

प्रकार नीट लागला की दीर्घिकेबद्दल बरेच काही कळते. आठ सौरवस्तुमानांपेक्षा जड तारे साधारण चार कोटी वर्षांच्या आत संपतात, त्यामुळे २, १बी आणि १सी यांचा दर हा तिथे सध्या तारे किती जन्मतात याचा मापक आहे. १ए चा हिशेब लांबतो: काही कोटी वर्षांपासून हजार कोटींहून अधिक वर्षांपर्यंत, आणि त्यांचा दर ताऱ्यांच्या वयाच्या साधारण व्यस्त प्रमाणात घटतो. एका १ए मध्ये सुमारे ०.६ सौरवस्तुमान निकेल-५६ बनते. ते कोबाल्टमार्गे लोह होते. गाभा कोसळून होणाऱ्या स्फोटात लोह ढोबळमानाने त्याच्या दहाव्या भागाइतके, पण ऑक्सिजन आणि मॅग्नेशियम भरपूर. म्हणून मोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांतल्या ताऱ्यांत लोहाच्या तुलनेत मॅग्नेशियम जास्त आढळते, याचा अर्थ सरळ आहे: १ए चे लोह मिसळण्याआधीच तिथली बहुतेक तारानिर्मिती उरकली होती.

दर काढताना शोध कुठे घेतला हेही पाहावे लागते. छायाचित्रण पट्टिकांवर दीर्घिकांचे मध्य जादा प्रकाशाने जळून जात, तिथले अतिनवतारे हरवत. कडेने दिसणाऱ्या सर्पिल दीर्घिकांत धूळ आड येते. मोठ्या दीर्घिकांची यादी घेऊन केलेल्या शोधांत छोट्या दीर्घिका सुटल्या. २००० नंतर सरसकट आकाश टिपले जाऊ लागले तेव्हा अतितेजस्वी अतिनवतारे बहुधा कमी धातुतेच्या (हेलियमहून जड मूलद्रव्ये कमी असलेल्या) खुज्या दीर्घिकांतच निघाले. उलट दिशेचा, म्हणजे दीर्घिकेनुसार अतिनवताऱ्याचे तेज बदलण्याचा, परिणामही आहे. १ए ची तेजस्विता तिच्या घटण्याच्या वेगावरून दुरुस्त करतात, ही १९९३ ची रीत. ती दुरुस्ती करूनही सुमारे १,००० कोटी सौरवस्तुमानांहून जड दीर्घिकांतले १ए काही शतांश प्रतीने (प्रत हे तेज मोजण्याचे एकक) जास्त तेजस्वी ठरतात, हे २०१० च्या सुमारास दिसले. कारणावर वाद आहे: धूळ, धातुता की ताऱ्यांचे वय. १ए च्या तेजावरून अंतरे मोजणाऱ्यांना हा फरक हिशेबात धरावाच लागतो.

आता सापडणाऱ्यांपैकी थोड्यांचेच वर्णपट घेता येतात; बाकीच्यांचा प्रकार प्रकाशवक्र (तेज काळानुसार कसे बदलते त्याचा आलेख) आणि रंग यांवरून संगणक ठरवतो. १ए आणि १सी यांच्यात गफलत इथेच होते. ताम्रसृती (दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश लाल बाजूला किती सरकला याचे माप) ०.५ च्या पुढे गेली की सिलिकॉनची दरी ९२० नॅनोमीटरपलीकडे सरकते, म्हणजे वर्णपट घेतला तरी नेहमीच्या प्रकाशसंवेदकांना ती जेमतेम दिसते. काही प्रणाली निर्णयासाठी यजमान दीर्घिकेचा (ज्या दीर्घिकेत स्फोट झाला तिचा) रंग आणि आकारही वापरतात. लाल लंबवर्तुळाकार दीर्घिका, तर बहुधा १ए. अंतर मोजण्यापुरते हे चालते. पण अशा नोंदींवरून कोणत्या दीर्घिकेत कोणता प्रकार किती, हे काढायला गेलो तर जे आधी गृहीत धरले तेच उत्तर म्हणून परत येते. दीर्घिकांच्या अभ्यासासाठी अशा नोंदी वगळाव्यात, किंवा यजमानाची माहिती काढून वर्गीकरण पुन्हा चालवावे.